मोबाइलवर शेअर बाजार आणि अर्थवृत्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्टातल्या एका दलालाच्या पेढीत मी सत्तावीस वर्षं काम केलं. रुजू झालो तेव्हा सौदे रिंगणात ओरडून व्हायचे. मार्च १९९५ मध्ये बोल्टचे, म्हणजे संगणकावर सौदे करण्याच्या यंत्रणेचे, पडदे आले आणि रिंगण हळूहळू शांत झालं. निवृत्त झाल्यापासून मुलुंडच्या आमच्या वसाहतीत रविवारी सकाळी लोक फोन घेऊन माझ्याकडे येतात. कुणाला अ‍ॅपमधला आकडा कळलेला नसतो, कुणाला एखाद्या बातमीने रात्रभर झोप लागलेली नसते. त्यांच्या प्रश्नांतूनच हे पान तयार झालं आहे. कोणता शेअर घ्यावा हे इथे सापडणार नाही, कारण मी नोंदणीकृत सल्लागार नाही. हातात आलेली बातमी तिच्या मूळ कागदापर्यंत कशी न्यावी, हे मात्र जमेल तितकं सविस्तर लिहिलं आहे.

मला शेअर घ्यायचे नाहीत, फक्त बाजार समजून घ्यायचा आहे. तरी डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं, खातं उघडावं लागेल का?

नाही. भाव, निर्देशांक, कंपन्यांचे निकाल आणि बातम्या बघायला खातं लागत नाही. पॅन, आधार, बँकेचा तपशील यांतलं काहीही लागत नाही. बातम्यांचं अ‍ॅप सुरुवातीलाच पॅन मागत असेल तर ते बातम्यांचं अ‍ॅप नव्हे, ते तुम्हाला गिऱ्हाईक करून घ्यायला बसलं आहे.

ज्यांचं खातं आधीच आहे त्यांनाही मी सांगतो, बातम्या वाचायचं अ‍ॅप आणि सौदे करायचं अ‍ॅप वेगवेगळं ठेवा. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये बातमी असते आणि तिच्याखाली लगेच खरेदीचं बटण असतं. वाचणं आणि घेणं यांत पूर्वी निदान एक फोन करण्याएवढा वेळ जायचा. पेढीत फोन आला की आम्ही विचारायचो, ‘नक्की ना काका?’ त्या एका प्रश्नावर कितीतरी लोक ‘थांब, उद्या सांगतो’ म्हणायचे. आता तो प्रश्न विचारणारं कुणी नाही, म्हणून मधलं अंतर आपणच राखायचं.

मग फोनमध्ये नेमकं काय काय ठेवू?

मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे बीएसई आणि एनएसई, यांची स्वतःची अ‍ॅप आणि संकेतस्थळं आहेत. त्यांतलं एक ठेवाच. कंपन्या आपल्या घोषणा तिथेच दाखल करतात. मनीकंट्रोल, ईटी मार्केट्स किंवा मिंट यांपैकी एखादं अर्थवृत्ताचं अ‍ॅप पुरे, तिन्ही नकोत. त्याच बातम्या तीनदा वाजतात आणि काहीतरी मोठं घडलंय असा भास होतो. सोबत एक मराठी वर्तमानपत्र असू द्या. पतधोरण, महागाई, अर्थसंकल्प हे विषय आपल्या भाषेत वाचले की जास्त मुरतात, हा माझा अनुभव आहे. कंपनीचे निकाल मात्र मूळ इंग्रजी कागदातच बघावे लागतात.

गुंतवणुकीची बाराखडी शिकायची असेल तर सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, स्वतःचं ‘सारथी’ नावाचं अ‍ॅप आहे, २०२२ च्या जानेवारीत आलेलं. फुकट आहे आणि काही विकत नाही.

‘सेन्सेक्स ८०० अंकांनी कोसळला’ असं अ‍ॅपवर येतं. घाबरायचं का?

अंक बघू नका, टक्के बघा. रविवारच्या बैठकीत सगळ्यांत जास्त वेळा मला हेच सांगावं लागतं.

सेन्सेक्स ८०,००० वर असताना ८०० अंक म्हणजे १ टक्का. शंभर रुपयांचे नव्याण्णव झाले. आता दोन दिवस शेजारी ठेवून बघा. २८ एप्रिल १९९२ ला, रोखे घोटाळा उघड झाल्यानंतर, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, तो जवळजवळ ४,३९० अंकांनी पडला. नुसते अंक वाचले तर दुसरा दिवस आठपट भयंकर वाटतो. प्रत्यक्षात १९९२ ची घसरण साडेबारा टक्क्यांहून जास्त होती आणि २०२४ ची पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. २३ मार्च २०२० ला, करोनाच्या टाळेबंदीच्या तोंडावर, १३ टक्क्यांहून अधिक घसरण झाली. ती खरी मोठी होती.

सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ सालचा, तेव्हाचे १०० अंक धरलेले. निर्देशांक जितका वर जाईल तितके रोजच्या हलण्याचे अंक मोठे दिसणार. मथळा लिहिणाऱ्याला मोठा आकडा हवा असतो, म्हणून तो अंक लिहितो. बहुतेक अ‍ॅपमध्ये सेटिंग बदलून टक्के आधी दिसतील असं करता येतं. ते आजच करून टाका.

आणखी एक लक्षात असू द्या. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या आहेत, निफ्टीत ५०. तुमच्याकडचे शेअर त्यांत नसतील तर निर्देशांक हिरवा असूनही तुमची यादी लाल असू शकते. अ‍ॅप बिघडलेलं नसतं.

एका अ‍ॅपवर एक भाव, दुसऱ्यावर दुसरा. खरा कोणता?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. एकच शेअर बीएसईवरही चालतो आणि एनएसईवरही, आणि दोन्हीकडचा भाव काही पैशांनी वेगळा असतो. भावाच्या बाजूला बाजाराचं नाव लिहिलेलं असतं, ते आधी बघा. मग वेळ बघा. काही ठिकाणी भाव मुद्दाम उशिरा दाखवतात आणि बारीक अक्षरात तसं लिहितात. लोकलमध्ये रेंज गेली की पडद्यावर जुनाच भाव गोठून राहतो, तेही लक्षात येत नाही.

संध्याकाळचा गोंधळ निराळा. साडेतीनला शेवटचा सौदा एका भावाला झालेला असतो आणि ‘बंद भाव’ वेगळाच दिसतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, किती शेअर फिरले त्या वजनाने काढलेली सरासरी. कुणी शेवटच्या मिनिटाला भाव ढकलू नये म्हणून ही रीत.

अ‍ॅपवरची बातमी खरी की अफवा, हे कसं ओळखू?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा देऊन बसवतो, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

कंपनीबद्दलची जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची बातमी आधी एक कागद असते. बाजारात नोंदलेल्या कंपनीवर सेबीच्या नियमांनी बंधन आहे की भावावर परिणाम करू शकेल अशी गोष्ट तिने शेअर बाजाराला कळवलीच पाहिजे. संचालक मंडळाच्या बैठकीत लाभांश, निकाल वगैरे ठरलं तर बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत कळवायचं. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर ३ तासांत. कंपनीच्या आत घडलेल्या इतर गोष्टींना १२ तास, बाहेरून आलेल्या गोष्टींना २४ तास. हा कागद बीएसई किंवा एनएसईवर कंपनीच्या नावाखाली ‘अनाउन्समेंट्स’ या सदरात सगळ्यांना दिसतो. तुम्हालाही आणि नरिमन पॉइंटच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या फंड मॅनेजरलाही, एकाच वेळी. माझ्या तरुणपणी ही सोय नव्हती. तेव्हा बातमी दलाल स्ट्रीटवर आधी पोचायची आणि गिरगावात दुसऱ्या दिवशी. आज ती दरी बुजली आहे, आणि आपण मात्र मूळ कागद सोडून कुणीतरी पुढे पाठवलेलं चित्र वाचतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा बातमी आली की तिच्यातली कंपनी शोधा, घोषणांचं सदर उघडा आणि तारीख-वेळ जुळवा. कागद सापडला तर वाचा; पहिलं पान बहुधा पुरतं. नाही सापडला तर बातमीत ‘सूत्रांनुसार’ असं लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर बातमी खोटीच असेल असं नाही, पण कंपनीने अजून हो म्हटलेलं नाही एवढं पक्कं. मोठ्या कंपन्यांसाठी याचाही नियम झाला आहे. जून २०२४ पासून बाजारमूल्याने पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना, प्रसारमाध्यमांतल्या अफवेने भाव लक्षणीय हलला तर, २४ तासांत दुजोरा, नकार किंवा खुलासा द्यावा लागतो. म्हणजे एक दिवस थांबलं तर उत्तर आपोआप समोर येतं. एवढा धीर धरायला काहीच खर्च येत नाही.

‘ऑर्डर मिळाली’ अशा बातम्यांत आणखी एक पाऊल पुढे जा. ५०० कोटींची ऑर्डर ऐकून भाव उसळतो, पण ती किती वर्षांत पूर्ण करायची आहे आणि कंपनीची वर्षाची विक्री किती आहे, हे त्याच कागदांत मिळतं. दहा हजार कोटींची विक्री असलेल्या कंपनीला पाच वर्षांत पुरवायची ५०० कोटींची ऑर्डर म्हणजे वर्षाला विक्रीचा १ टक्का.

दिवसभर नोटिफिकेशन वाजत राहतात. काय बंद करू?

जवळजवळ सगळं. ‘ब्रेकिंग’, ‘टॉप गेनर्स’, ‘तज्ज्ञांचा आजचा शेअर’ हे तिन्ही आधी बंद करा. तुमच्याकडे ज्या कंपन्या आहेत त्यांची यादी करून फक्त त्यांच्या घोषणा आणि निकाल चालू ठेवा. भावाचा इशारा लावायचाच असेल तर लांबचा लावा. दर २ टक्क्यांना फोन वाजायला लागला तर कामावर लक्ष लागत नाही, आणि ज्याचं घर पगारावर चालतं त्याचं लक्ष कामावरच हवं.

मग बघायचं तरी केव्हा?

तुम्ही रोज सौदे करत नसाल तर दिवसातून एकदा, संध्याकाळी. तोपर्यंत बाजार बंद होऊन बातम्यांचा गाळ खाली बसलेला असतो आणि विदेशी व देशी संस्थांनी किती घेतलं-विकलं याचे तात्पुरते आकडेही आलेले असतात.

तरी दिवस कसा उलगडतो ते माहीत असावं. आपण चहा पीत असतो तेव्हा, साडेपाचला, तोकियोचा बाजार उघडतो आणि सातला हाँगकाँगचा. सकाळी ‘गिफ्ट निफ्टी’, म्हणजे निफ्टीवरच्या वायद्याचा भाव, दाखवतात. पूर्वी तो सिंगापूरच्या नावाने ओळखला जायचा, जुलै २०२३ पासून गुजरातेतल्या गिफ्ट सिटीत आला. त्यावरून आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज बांधतात, पण तो नुसता अंदाज. ९ ला पूर्वसत्र, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं छोटं सत्र, सव्वानऊला बाजार सुरू, साडेतीनला बंद. अमेरिकेचा बाजार आपल्या संध्याकाळी उघडतो, त्यांच्या उन्हाळ्यात ७ वाजता आणि हिवाळ्यात ८ वाजता. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडरल रिझर्व्हचा, व्याजदराचा निर्णय आपल्याकडे रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला येतो. त्यासाठी जागू नका, सकाळी तो तिथेच असतो.

कॅलेंडरमध्ये मात्र काही दिवस लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते आणि गव्हर्नर सकाळी १० ला निर्णय सांगतात. गृहकर्ज असलेल्याला हा दिवस सेन्सेक्सपेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, हलला की हप्ता हलतो. महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास येतो. कंपन्यांना तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावे लागतात आणि वर्षाच्या निकालांना ६० दिवस असतात. म्हणून फेब्रुवारी, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या मध्याला आणि मेअखेर निकालांची नुसती रांग लागते. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प असतो. त्या दिवशी सुट्टीचा वार असला तरी बाजार उघडा ठेवतात; २०२५ ला शनिवार होता, २०२६ ला रविवार.

सकाळी उठून बघतो तर शेअर निम्म्यावर! रात्रीत काय झालं?

बहुधा काहीच नाही. बोनस (फुकट जादा शेअर) किंवा विभाजन (एका शेअरचे अनेक तुकडे) झालं आहे का ते बघा. एकास एक बोनस म्हणजे तुमचे १०० शेअर २०० होणार आणि भाव साधारण अर्धा होणार. वडा अर्धा कापला म्हणून ताटातला वडा कमी झाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सचा एकास एक बोनस झाला, तेव्हा सोमवारी सकाळी माझा फोन थांबत नव्हता. भाव कमी झालेला दिसतो, पण नवे शेअर खात्यात यायला थोडा वेळ लागतो. सध्याच्या नियमानुसार रेकॉर्ड डेटनंतर, म्हणजे बोनस कुणाला मिळणार हे ज्या तारखेला ठरतं तिच्यानंतर, दोन कामकाजाच्या दिवसांत त्यांचे सौदे करता येतात. मधल्या काळात अ‍ॅप निम्मं नुकसान दाखवतं. ज्या अ‍ॅपमध्ये तुम्ही स्वतः आकडे भरून यादी केली आहे तिथे तर हातानेच दुरुस्ती करावी लागेल.

शेअर लाल आहे, विकायला गेलो तर विकलाच जात नाही.

लोअर सर्किट लागलं असेल. बऱ्याच शेअरना एका दिवसात २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. मर्यादेला भाव टेकला आणि घेणारा नसेल तर विक्रीची रांग तशीच उभी राहते. लहान कंपन्यांत हे वारंवार होतं. ‘रोज अप्पर सर्किट’ अशा बातमीने मोहून जाताना हा उलटा दिवसही डोळ्यांसमोर आणा. संपूर्ण बाजाराला निराळी मर्यादा आहे, निर्देशांक १०, १५ आणि २० टक्के हलला की कामकाज थांबतं. २३ मार्च २०२० ला ते ४५ मिनिटं थांबलं होतं.

माझा भाचा फोनवर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे, खेळतो. म्हणतो, बातमी आली की दहा मिनिटांत पैसे होतात.

त्याला सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचायला द्या. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, खर्च धरून सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. त्याच्या हातात बातमी येते तेव्हा संगणकावर चालणारे मोठ्या संस्थांचे सौदे होऊन गेलेले असतात. तो हुशार नाही असं मला म्हणायचं नाही. गाडी सुटल्यावर तो फलाटावर पोचतो, एवढंच. आणि त्याच्याशी रागाने बोलू नका. तोटा झालेली मुलं घरात सांगत नाहीत, आणि न सांगितल्यानेच कर्ज वाढत जातं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात मला घेतलंय. तिथलं अ‍ॅप टाकलं तर रोज नफा दिसतोय. खरं असेल का?

नाही. आताच्या आता थांबा, एक रुपयाही पुढे टाकू नका.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक ताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, याच मार्गाने गेल्या. गटात शंभरेक माणसं, रोज आभार मानणारी. एका ‘सरां’चा वर्ग. मग एक दुवा आणि त्यावरून उतरवलेलं अ‍ॅप, दिसायला थेट नामांकित ब्रोकरसारखं. पहिल्यांदा थोडे पैसे टाकले, नफ्यासकट परत मिळाले. मग ग्रॅच्युइटी गेली. पडद्यावर आकडा वाढत राहिला आणि काढायला गेल्यावर आधी ‘कर’ भरा म्हणून सांगितलं. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा पाच दिवस उलटले होते. पहिल्याच दिवशी आल्या असत्या तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

म्हणून नीट लिहितो. पडद्यावरचा नफा हा फक्त पडद्यावरचा असतो. खरा शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे तुमच्या नावावर असतो, आणि त्यांचं विवरणपत्र तुमच्या ईमेलवर स्वतंत्रपणे येतं. तिथे नाही तर कुठेच नाही. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्याने पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर जाऊ नका. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा अनोळखी व्यापाऱ्याच्या चालू खात्यात मागितले की तिथेच ओळखा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि फंडांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले खास यूपीआय पत्ते सुरू झाले आहेत, पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. अ‍ॅप फक्त अधिकृत दुकानातून घ्या आणि बनवणाऱ्याचं नाव वाचा. बातम्यांच्या अ‍ॅपला तुमचे एसएमएस आणि संपर्क यांची गरज नसते, परवानगी मागितली तर नाकारा.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास चोराच्या कामी येतो. नोंदणीकृत ब्रोकरबद्दलची तक्रार असेल तर ती सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर करायची.

ऐन वेळी अ‍ॅप बंद पडलं तर?

आधी बघा, बंद काय पडलंय: तुमचं नेट, अ‍ॅप, की बाजारच. २४ फेब्रुवारी २०२१ ला तांत्रिक बिघाडाने एनएसईचे सौदे दुपारी पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि त्या दिवशी बाजार ५ पर्यंत चालवावा लागला. लोक फोन बंद-चालू करत बसले होते. तुमच्या ब्रोकरचा फोनवरून सौदा घेण्याचा क्रमांक आत्ताच वहीत लिहून ठेवा, अ‍ॅप बंद पडल्यावर तो अ‍ॅपमध्ये शोधता येत नाही.

म्युच्युअल फंडाचा आकडा दिवसभर हलतच नाही.

हलणार नाही. त्याचं मूल्य दिवसातून एकदाच, बाजार बंद झाल्यावर ठरतं आणि रात्री दिसतं.

आईला शेअर आहेत, बाबांच्या मागे तिच्या नावावर आलेले. तिला अ‍ॅप जमत नाही आणि मी पुण्यात असतो.

तिला अ‍ॅप लागतच नाही. एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं एकत्रित विवरणपत्र कागदावर टपालाने मागवता येतं. त्यात तिच्या नावावरचे सगळे शेअर आणि फंड एकाच ठिकाणी दिसतात. तिचा मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला आहे याची मात्र खात्री करा, तुमचा नव्हे, तिचाच. खात्यातून शेअर बाहेर गेले की त्या क्रमांकावर संदेश जातो. फोनमधली अक्षरं मोठी करून द्या आणि तिला एवढंच सांगा, असा संदेश आला आणि तू काही विकलेलं नसशील, तर आधी मला फोन कर. खात्याला नॉमिनीची नोंद झाली आहे का, तेही पुढच्या भेटीत तिच्या शेजारी बसून तपासा.